छतावरचे धुके : फिलाडेल्फिया ते हार्लेम

#थ्रेड #इतिहास

१/
जुलै १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षे पूर्ण झाली होती आणि ज्या फिलाडेल्फियात स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला, ते शहर उत्सवात होते. २१ ते २४ जुलै या चार दिवसांत ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या पेनसिल्व्हेनिया शाखेचे अधिवेशन ब्रॉड स्ट्रीटवरील बेलेव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या भव्य हॉटेलात भरले. दुसऱ्या महायुद्धाच्या पिढीतली ही माणसे. सभा झाल्या, मिरवणूक निघाली, जुने मित्र भेटले आणि मंडळी आपापल्या गावी परतली.

२/
आठवडाही उलटला नसेल, तोच पेनसिल्व्हेनियाच्या निरनिराळ्या गावांतून मृत्यूच्या वार्ता येऊ लागल्या. तीव्र ताप, खोकला, अंगदुखी, मग न्यूमोनिया. गावे वेगळी, डॉक्टर वेगळे, रुग्णालये वेगळी. त्यामुळे आरंभी कोणाला काही संबंध दिसला नाही. दुवा एकच होता, ते हॉटेल. अखेरच्या मोजणीत २२१ जण आजारी पडलेले आणि ३४ जण दगावलेले आढळले. त्यांत काही असे होते, की ज्यांनी हॉटेलात पाऊलही ठेवले नव्हते. ते केवळ समोरच्या रस्त्याने गेले होते.

३/
या घटनेचा इतिहास बहुधा एका जिवाणूच्या शोधाची कथा म्हणून सांगितला जातो. तो शोध सहा महिन्यांत लागला. परंतु त्याच घटनेने दुसरा, दिसायला अगदी सामान्य असा प्रश्न उभा केला होता : इमारतीच्या छतावरील यंत्राची देखभाल कोणी करायची आणि ती झाली की नाही हे कोणी पाहायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढची पन्नास वर्षे गेली. हा थ्रेड त्या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

४/
प्रथम यंत्र समजून घेऊ. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर याने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतील आर्द्रता आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ सामान्यतः तेथून मानतात. पुढे नाट्यगृहे, दुकाने, रुग्णालये आणि हॉटेले अशा मोठ्या इमारती थंड होऊ लागल्या. पण उष्णता नाहीशी होत नाही. ती एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकावी लागते. मोठ्या इमारतीत ती टाकण्याची सोयीची जागा म्हणजे छप्पर.

५/
त्यासाठी छतावर बसवतात तो कूलिंग टॉवर. इमारतीतील उष्णता घेऊन आलेले कोमट पाणी वर चढवले जाते आणि जाळीदार थरांवरून खाली शिंपडले जाते. मोठा पंखा त्यातून हवा ओढतो. थोडे पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता नेते. गार झालेले पाणी तळाच्या टाकीत जमून पुन्हा खाली जाते. तत्त्व माठाचेच आहे : पाझरलेले पाणी वाफ होते, आतले गार होते. फरक इतकाच, की हा माठ इमारतीएवढ्या भाराचा आहे आणि त्याला पंखा आहे.

६/
धोका याच रचनेत दडलेला आहे. पाणी कोमट असते, साधारण जिवाणूंना मानवेल इतके. बाष्पीभवनामुळे उरलेल्या पाण्यात क्षार साचत जातात. हवेतून धूळ, पाने, परागकण पडतात. तळाशी गाळ बसतो, जाळ्यांवर चिकट थर धरतो आणि त्या थरात वाढलेले जिवाणू पंख्याच्या झोतासोबत सूक्ष्म तुषारांतून बाहेर पडतात. दुरून पाहणाऱ्याला ते छतावरचे निरुपद्रवी धुके वाटते. ते फुप्फुसापर्यंत पोहोचण्याइतके बारीक असते.

७/
१९७६ च्या ऑगस्टमध्ये यातले बहुतेक कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर ‘स्वाइन फ्लू’ आढळला होता. त्यामुळे पहिला संशय त्यावरच गेला. तो लवकरच निराधार ठरला. तरीही त्या भीतीच्या वातावरणात स्वाइन फ्लूच्या लसीकरणाचा रखडलेला कायदा काँग्रेसमध्ये संमत झाला आणि १२ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

८/
मग विषाचा संशय आला. निकेल कार्बोनिल या विषारी संयुगाची चर्चा काही काळ जोरात होती. घातपाताच्या वावड्याही उठल्या. अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राचे, म्हणजे सीडीसीचे, तपासनीस घरोघरी प्रश्नावल्या घेऊन फिरले. कोण कोठे जेवला, कोणी कोणते पाणी प्यायले, कोण लॉबीत किती वेळ थांबला याच्या नोंदी झाल्या. दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या : हा आजार माणसाकडून माणसाला होत नव्हता आणि लॉबीत अधिक वेळ घालवणाऱ्यांना धोका अधिक होता. म्हणजे रोग हवेतून आला होता. पण कोठून?

९/
नोव्हेंबर उजाडला तरी उत्तर नव्हते. प्रतिनिधीगृहाच्या समितीसमोर सुनावण्या झाल्या आणि शास्त्रज्ञांवर टीकेची झोड उठली. १९०४ पासून फिलाडेल्फियाचे भूषण मानले गेलेले बेलेव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड गिऱ्हाईक तुटल्याने १८ नोव्हेंबरला बंद पडले. हॉटेल पुढे दुरुस्त होऊन पुन्हा उघडले; परंतु रोगाशी जोडलेले त्याचे नाव काही सुटले नाही.

१०/
उत्तर मिळाले ते सीडीसीच्या प्रयोगशाळेतील जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाला. ऑगस्टमध्येच त्याच्या काचपट्ट्यांवर काही दंडाकृती जिवाणू दिसले होते. बाहेरून शिरलेली घाण समजून त्याने ते सोडून दिले होते. नाताळच्या सुट्टीत तो पुन्हा त्याच काचपट्ट्यांकडे वळला. सहकारी चार्ल्स शेपर्ड याच्यासह केलेल्या चाचण्यांनी खात्री पटली आणि १८ जानेवारी १९७७ रोजी शोध जाहीर झाला. १९७९ मध्ये या जिवाणूचे नाव ठेवले गेले : लीजिओनेला न्यूमोफिला. पहिला शब्द त्या माजी सैनिकांच्या संघटनेवरून, दुसऱ्याचा अर्थ ‘फुप्फुसप्रिय’.

११/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष वाटावी अशी गोष्ट यानंतर घडली. सीडीसीच्या शीतकपाटात न उलगडलेल्या जुन्या साथींतील रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. ते आता नव्याने तपासले गेले. १९६५ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात ८१ जणांना न्यूमोनिया होऊन १४ दगावले होते. कारण तेच निघाले. जिवाणू नवा नव्हता; त्याला नाव नव्हते. बारा वर्षे एका बाटलीत पुरावा पडून होता.

१२/
त्याच कपाटातला दुसरा नमुना अधिक अस्वस्थ करणारा होता. जुलै १९६८. मिशिगन राज्यातील पाँटिअ‍ॅक येथील एका कार्यालयात १०० कर्मचाऱ्यांपैकी ९५ जण तापाने फणफणले. येणारे-जाणारे धरून एकूण १४४ जण आजारी पडले. सुदैवाने न्यूमोनिया झाला नाही आणि कोणी दगावले नाही. चार-पाच दिवसांत सारे बरे झाले. तपासासाठी आलेल्या सीडीसीच्या पथकातील लोकही त्या इमारतीत शिरून आजारी पडले. ते कार्यालय कशाचे होते? ओकलंड काउंटीच्या आरोग्य विभागाचे.

१३/
पाँटिअ‍ॅकचा तपास १९६८ मध्येच यंत्रापर्यंत पोहोचला होता. एसी चालू असतानाच लोक आजारी पडत होते. छतावरील बाष्पीभवनी कंडेन्सर, म्हणजे कूलिंग टॉवरचाच चुलत भाऊ, आणि इमारतीत ताजी हवा आणणारी नळी यांच्यामध्ये दोष होता. कंडेन्सरचे तुषार बाहेर जाण्याऐवजी आत ओढले जात होते. गिनीपिगांना त्या पाण्याचे तुषार दिले, तेही आजारी पडले. जिवाणू सापडला नाही, पण दोषी यंत्र सापडले होते. फिलाडेल्फियाच्या आठ वर्षे आधी.

१४/
येथे थोडे थांबायला हवे. यंत्र ठाऊक होते, मार्ग ठाऊक होता, दुरुस्ती कोणती करायची हेही कळत होते. फक्त त्या घटनेचे गांभीर्य पोहोचले नाही, कारण कोणी मेले नव्हते. तो एका इमारतीचा स्थानिक बिघाड मानला गेला. बेलेव्ह्यू-स्ट्रॅटफर्डमध्ये तर उगम थेट सिद्ध करण्याची संधीही उरली नाही. आज तेथील कूलिंग टॉवरकडेच बोट दाखवले जाते. १९७८ मध्ये मात्र इंडियाना विद्यापीठाच्या वास्तूतील टॉवरच्या पाण्यातून जिवाणू प्रत्यक्ष वेगळा काढला गेला आणि शंकेला जागा राहिली नाही.

१५/
म्हणजे १९७८ पासून जगाला रोग माहीत होता, यंत्र माहीत होते आणि उपायही माहीत होता : पाणी स्वच्छ ठेवा. तरीही १९८५ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्डच्या नव्या जिल्हा रुग्णालयात २८ जणांचा बळी गेला. उगम रुग्णालयाच्याच वातानुकूलन यंत्रणेत निघाला. बरे होण्यासाठी आलेली माणसे त्या इमारतीच्या हवेने आजारी पडली. सार्वजनिक चौकशी झाली. पुढे १९९२ मध्ये ब्रिटनने नियम केला, की प्रत्येक कूलिंग टॉवरची माहिती मालकाने स्थानिक प्रशासनाला द्यावी. आधी यंत्रे कोठे आहेत ते तरी कळू दे, हा त्यामागचा साधा विचार.

१६/
नोंद झाली म्हणजे देखभाल झाली, असे मात्र नाही. हे शिकवले उत्तर इंग्लंडमधील बॅरो-इन-फर्नेस या गावाने. २००२ च्या उन्हाळ्यात तेथील ‘फोरम २८’ या नगर परिषदेच्या कलाकेंद्रातील वातानुकूलन यंत्रणेतून दूषित तुषार शेजारच्या अरुंद बोळात उतरत राहिले. त्या बोळातून बाजाराला जाणारी माणसे रोजची. १७२ जणांना लागण झाली, ७ जण दगावले.

१७/
चौकशीत कोणताही गूढ जिवाणू, अज्ञात विष वा दैवी कोप निघाला नाही. निघाली ती एक फाइल. यंत्रणेच्या पाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या देखभालीचा करार रद्द झाला होता. आपल्याकडे ज्याला सर्रास एएमसी म्हणतात, तसाच हा करार. यंत्र चालत होते, हवा गार येत होती, म्हणून कोणाला काही उणे भासले नाही. एसीचा हाच फसवा गुण आहे. थंडावा देणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खोलीत बसलेल्याला पहिलीच कळते.

१८/
परिषदेवर मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला. ब्रिटनमध्ये सार्वजनिक संस्थेवर असा आरोप प्रथमच येत होता. न्यायालयात तो टिकला नाही. मात्र सुरक्षाविषयक कायद्याच्या भंगाबद्दल परिषदेला सव्वा लाख पौंड आणि एका अधिकाऱ्याला १५ हजार पौंड दंड झाला. चौकशी अहवालाने सहा उणिवा मांडल्या : जबाबदारीची अस्पष्टता, दिलेल्या सूचनांकडे दुर्लक्ष, जोखमीचे मूल्यमापन न करणे, ठेकेदार व करार यांची ढिली व्यवस्था, अपुरे प्रशिक्षण आणि व्यक्तिगत चुका. या सहांत यंत्राचा बिघाड एकही नाही.

१९/
निष्काळजीपणे केलेली साफसफाईही घातक ठरते, हे फ्रान्सने अनुभवले. नोव्हेंबर २००३ ते जानेवारी २००४ या काळात पा-द-कॅले प्रांतातील आर्न येथे एका पेट्रोरसायन कारखान्याच्या कूलिंग टॉवरांतून साथ पसरली. ८६ जण आजारी, १८ मृत्यू. साथीची दुसरी लाट आली ती टॉवर उच्च दाबाच्या पाण्याने धुतले जात असताना. धुण्याच्या झोताने जिवाणू हवेत उडाले. रुग्ण सहा किलोमीटरपर्यंत दूर राहणारे होते. सफाईची जागा, पद्धत आणि क्रम हाही सुरक्षेचा भाग आहे, हे त्या गावाने प्राण देऊन शिकवले.

२०/
मग नीट सर्व्हिसिंग म्हणजे काय? काम कंटाळवाणे आहे. तळाच्या टाकीतला गाळ काढणे. जाळ्यांवरचे क्षार व चिकट थर घालवणे. क्षार साचलेले पाणी ठरावीक प्रमाणात सोडून ताजे भरणे. क्लोरीन वा ब्रोमिनसारख्या द्रव्याची मात्रा राखणे. तुषार अडवणाऱ्या पट्ट्या फाटल्या-सरकल्या नाहीत ना, ते पाहणे. बंद ठेवलेला टॉवर हंगामाच्या आरंभी निर्जंतुक केल्याशिवाय न चालवणे. ताज्या हवेची नळी टॉवरच्या झोतापासून दूर आहे याची खात्री करणे. पंख्याची वीज तोडून, तोंडावर योग्य मुखपट्टी बांधूनच आत उतरणे. आणि हे सारे तारखेसह लिहून ठेवणे.

२१/
२०१५ चा जुलै. न्यूयॉर्कच्या दक्षिण ब्राँक्समध्ये न्यूमोनियाचे रुग्ण अचानक वाढले. शहराच्या आरोग्य खात्यापुढचा पहिला अडथळा वैद्यकीय नव्हता : शहरात कूलिंग टॉवर किती आणि कोठे आहेत याची यादीच नव्हती. फिलाडेल्फियानंतर ३९ वर्षांनी, जगातल्या सर्वांत उंच इमारतींच्या शहरांपैकी एकात! अखेर ईस्ट १४९ व्या रस्त्यावरील एका हॉटेलच्या टॉवरपर्यंत माग लागला. १३८ जण आजारी पडले, १६ दगावले. अमेरिकेतील हा भाग गरीब वस्तीचा. दमा व अन्य जुने आजार तेथे आधीच घर करून होते. हवा साऱ्यांची एकच असली तरी तिची किंमत सारखी मोजावी लागत नाही.

२२/
ऑगस्टमध्येच शहराने ‘स्थानिक कायदा ७७’ केला. प्रत्येक टॉवरची नोंदणी, चालू काळात किमान दर ९० दिवसांनी तपासणी, दरवर्षी प्रमाणपत्र. सप्टेंबरमध्ये ब्राँक्सच्याच मॉरिस पार्क भागात पुन्हा साथ आली. १५ रुग्ण, १ मृत्यू. तेथील अनेक टॉवर काही आठवड्यांपूर्वीच निर्जंतुक केलेले होते; जिवाणू परतला होता. एकदा साफ केले म्हणजे सुटलो, ही समजूत त्या महिन्यात मोडली. हे काम घरच्या केरवारे काढण्यासारखे आहे : कालचे आजला पुरत नाही.

२३/
आणि २०२५. मॅनहॅटनच्या सेंट्रल हार्लेममध्ये उन्हाळ्यात ११४ जण आजारी पडले आणि ७ दगावले. या वेळी कायदा होता, यादी होती, तपासणीचे वेळापत्रक होते. माग लागला तो दोन ठिकाणी : एक सार्वजनिक हार्लेम हॉस्पिटल आणि दुसरे शहराच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेचे बांधकाम चालू असलेली जागा. १९६८ मध्ये पाँटिअ‍ॅकच्या आरोग्य विभागाच्या छतावर सुरू झालेली गोष्ट ५७ वर्षांनी पुन्हा आरोग्यसेवेच्याच दारात येऊन उभी राहिली. त्यानंतर न्यूयॉर्कने पाण्याच्या चाचणीचे अंतर ९० दिवसांवरून एका महिन्यावर आणण्याचा निर्णय घेतला.

२४/
या साऱ्या घटना एका ओळीत ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. १९७६ मध्ये अज्ञान होते, असे म्हणता येईल. १९८५ नंतर ते म्हणता येत नाही. पाँटिअ‍ॅकमध्ये दोष हवेच्या नळीत होता, बॅरोमध्ये करारात, आर्नमध्ये सफाईच्या पद्धतीत, ब्राँक्समध्ये न केलेल्या यादीत, हार्लेममध्ये दोन तपासण्यांमधल्या दिवसांत. जिवाणू प्रत्येक वेळी तोच. बदलत गेली ती माणसांच्या व्यवस्थेतली फट.

२५/
मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांच्या, मॉलच्या आणि कार्यालयांच्या छतांवरही असे टॉवर आज फिरत आहेत. त्यांच्याखाली, यंत्रखोलीच्या भिंतीवर, बहुधा दोरीला बांधलेली एक नोंदवही असते : तारीख, पाण्याचे माप, औषधाची मात्रा, तंत्रज्ञाची सही. लढाया व तह यांची कागदपत्रे अभिलेखागारात जातात. ही वही वर्षअखेरीस रद्दीत जाते. पण न झालेल्या साथीचा पुरावा कोठे असेल, तर तो याच वहीत. त्या उन्हाळ्यात कोणीही मेले नाही, आणि का मेले नाही, हे तिथे रोज एका ओळीत लिहिलेले असते. बॅरोच्या चौकशीत अधिकारी नेमक्या अशाच नोंदी शोधत होते.

#इतिहास #सार्वजनिकआरोग्य (थ्रेड समाप्त)